टिमिस्कमिंग, ११ जून १९७८ : एका शाळेच्या कनू सहलीचं प्रकरण

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या मुलीनं शाळेतून चार पानांचं संमतिपत्र आणलं. आठवीचा अख्खा वर्ग जूनमध्ये चार दिवस अल्गॉनक्विन पार्क या राखीव जंगलात कनू, म्हणजे निमुळती उघडी होडी, वल्हवत जाणार होता. तंबूत राहायचं, स्वयंपाक स्वतः करायचा, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना कनू डोक्यावर घेऊन जंगलातून चालायचं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की अशा सहलीतून मुलांचं व्यक्तिमत्त्व घडतं. शेवटच्या पानावर पालकांच्या सहीची जागा होती. "आई, सही कर ना, सगळ्यांच्या झाल्या," असं ती रोज जेवताना म्हणायची आणि मी तो कागद परत फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवायचे.

मी नाशिकची. गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर चढलं यावर पूर मोजणाऱ्या घरात वाढले. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही आमची मापं. पाण्याची ओढ आणि पाण्याचा धाक, दोन्ही मला तिथूनच मिळाले. कॅनडातल्या ऑन्टारिओत राहायला येऊन बरीच वर्षं झाली, तरी इथली तळी मला ओळखीची वाटत नाहीत. नदीचं पाणी वाढताना दिसतं, तळ्याचं दिसत नाही. म्हणून सही करण्याआधी मी इथलं एक जुनं प्रकरण पहिल्यापासून समजून घेतलं. या प्रांतात शाळेच्या कनू सहलीचा विषय निघाला की जुन्या माणसांपैकी कुणीतरी ते नाव काढतंच. टिमिस्कमिंग, १९७८ साली एका शाळेची कनू मोहीम जिथं बुडाली ते सरोवर.

शाळा आणि तिची श्रद्धा

सेंट जॉन्स स्कूल ऑफ ऑन्टारिओ ही मुलग्यांची खासगी शाळा. टोरोंटोच्या ईशान्येला क्लेअरमॉन्ट गावाजवळ ती १९७७ मध्ये सुरू झाली. तिचं मूळ मॅनिटोबा प्रांतातल्या सेलकर्कच्या सेंट जॉन्स शाळेत होतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अँग्लिकन चर्चशी जोडलेल्या काही मंडळींनी ती उभी केली होती. पुढे १९६८ मध्ये अल्बर्टात दुसरी शाळा निघाली आणि मग ही ऑन्टारिओची.

या शाळांची एक ठाम धारणा होती. शहरी सुखानं मुलं मऊ पडत चालली आहेत. त्यांना कष्ट, शिस्त, धर्म आणि निसर्गाची खडतर गाठ या चार गोष्टी मिळाल्या तरच ती माणसं म्हणून उभी राहतील. त्यामुळे मुलं स्वयंपाक करायची, भांडी घासायची, शाळेचा खर्च निघावा म्हणून दारोदार माल विकायला जायची. हिवाळ्यात पायांना स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू न देणारे रुंद जाळीदार जोडे, बांधून मैलोन्‌मैल पळायची. चुकलं तर लाकडी फळीचे फटके बसायचे. आणि वर्षाचा कळस म्हणजे जुन्या फर व्यापाऱ्यांच्या वाटेनं काढलेली लांबलचक कनू मोहीम.

हे सगळं वाचताना मला परकं वाटलं नाही, हे कबूल करते. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' हे आपण मुलांना किती सहज ऐकवतो. खस्ता खाल्ल्या म्हणून घडलो, असं सांगणारे वडील, काका, मास्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात, शाळेत असतात, आणि ते खोटं बोलत नसतात. या शाळांतून गेलेले अनेक जणही पुढे आपल्या शाळेबद्दल कृतज्ञतेनं बोलले आहेत. म्हणूनच हे प्रकरण सोपं नाही. मुलांचं वाईट चिंतणारं इथं कुणीच नव्हतं.

खडतर निसर्ग माणूस घडवतो ही कल्पना या शाळांची एकट्याची नव्हती. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावा लागलेल्या कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञानं १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डन्स्टन शाळा काढली आणि १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्ही इथं आउटवर्ड बाउंड या साहसी शिक्षणाच्या संस्थेची पहिली शाळा सुरू केली. त्यामागं एक अगदी व्यवहारी चिंता होती. टॉर्पेडो लागून बुडालेल्या जहाजांवरचे तरणेबांड खलाशी थंड समुद्रात मरत होते आणि त्यांच्याहून थोराड, मुरलेले खलाशी जास्त प्रमाणात तगत होते, असं या कामात हानच्या सोबत असलेल्या एका जहाज कंपनीच्या मालकाला दिसलं होतं. तरुणांच्या अंगात बळ असूनही अनुभवातून येणारा भरवसा कमी पडतो, तो शिकवता येईल का, असा तो प्रश्न होता. म्हणजे साहसी शिक्षणाची ही चळवळ थंड पाण्यात माणूस जगावा म्हणून सुरू झाली. टिमिस्कमिंगचा विचार करताना मी ही गोष्ट सतत समोर ठेवली.

तो रविवार

टिमिस्कमिंग हे ऑन्टारिओ आणि क्वेबेक या प्रांतांच्या सीमेवरचं सरोवर. खरं तर ओटावा नदीचाच तो पसरलेला, खोल गेलेला भाग. लांबी सुमारे ११० किलोमीटर, रुंदी त्या मानानं फारच कमी, खोली काही ठिकाणी २०० मीटरच्या पुढे. अल्गॉनक्विन या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत या नावाचा अर्थच 'खोल पाणी' असा आहे. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात दोन्ही काठांना बऱ्याच ठिकाणी सरळ उभे कडे आहेत. कनू पटकन ओढून लावावी असा काठ सगळीकडे मिळत नाही.

बेत असा होता : दक्षिण टोकाला पाण्यात उतरायचं, उत्तरेकडे सरोवर पार करायचं आणि पुढे नद्यांमधून थेट उत्तरेच्या जेम्स बे या उपसागराच्या खाऱ्या पाण्यापर्यंत जायचं. सुमारे ८५० किलोमीटर, तीन आठवडे. २७ मुलं, ४ मोठी माणसं, २२ फुटी ४ कनू. प्रत्येक कनूत सात-आठ जण आणि तीन आठवड्यांचं सामान. मुलांमध्ये मिसरूड फुटलेले होते तसेच जेमतेम बारा-तेरा वर्षांचेही होते.

रात्रभर गाडीतून प्रवास करून मंडळी सकाळी सरोवरावर पोचली आणि फारशी झोप न घेता पाण्यात उतरली. मोहिमेचा पहिलाच दिवस, पाणी मोठं, आणि मुलांचा हात वल्ह्यावर अजून बसायचा होता.

दुपारी पाठीमागून वारा सुटला. इथं थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण सगळा घात इथं आहे.

वारा समोरून असेल तर तो लगेच कळतो. तोंडावर पाणी उडतं, हात भरून येतात, मुलं कुरकुरतात, म्हातारा अनुभवी माणूस म्हणतो की आज पुरे. पाठीमागचा वारा गोड बोलून नेतो. वल्हं न मारताही कनू पुढे सरकते, सगळ्यांना हुरूप येतो. पण लाट किती मोठी होणार हे वारा उघड्या पाण्यावरून किती अंतर धावत आला यावर ठरतं. ज्या टोकाकडून वारा येतो तिथलं पाणी जवळजवळ शांत असतं. तिथून जितकं पुढे जाल तितकी लाट वाढत जाते. लांब आणि अरुंद सरोवरात वारा लांबीच्या दिशेनं वाहायला लागला की हे फार पटकन होतं. म्हणजे निघताना पाणी बघून केलेला अंदाज पाच-दहा किलोमीटरनंतर उपयोगाचा राहत नाही, आणि परत फिरायचं म्हटलं तर वाढलेल्या लाटेत कनू आडवी करावी लागते.

त्यात मागून येणारी लाट कनूचा मागचा भाग उचलते. पुढचं टोक पाण्यात रुततं आणि मागचं टोक बाजूला घसरायला बघतं. ते घसरू न देणं हे मागे बसलेल्या माणसाचं काम. त्यासाठी लाट उचलायच्या आधी वल्हं लावावं लागतं, नंतर लावून उपयोग नसतो. हे वर्षानुवर्षं केल्यावर अंगात येतं. त्या दिवशी मागे बसलेल्यांचा अनुभव सारखा नव्हता. एक कनू लाटांना आडवी झाली आणि उलटली.

बाकीच्यांनी जे केलं ते कुणीही करेल. ते मदतीला वळले. वळताना, पाण्यातल्या मुलांना ओढून घेताना, आधीच भरलेल्या कनूत आणखी वजन घेताना आणखी दोन कनू उलटल्या. चारांपैकी तीन. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरला ही मंडळी दिसेपर्यंत बाहेरच्या जगाला काही पत्ता नव्हता. १२ मुलं आणि १ शिक्षक गेले. १५ मुलं आणि ३ मोठी माणसं वाचली.

गेलेल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं.

पाणी काय करतं

या एका वाक्यापाशी मी फार वेळ अडकून राहिले. आपल्याकडे पाण्यातल्या दुर्घटनेची बातमी आली की पहिला प्रश्न लाइफ जॅकेटचा असतो, आणि तो रास्तच असतो. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यामुळे जॅकेट घातलं की निम्मी काळजी मिटली, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. आपल्या पाण्यात ते बरंचसं खरंही आहे.

उत्तर ऑन्टारिओच्या पाण्यात नाही. इथल्या तळ्यांवरचं बर्फ एप्रिलच्या शेवटी, कधी मे महिन्यात वितळतं. जूनमध्ये हवेत ऊन असतं, मुलं अर्ध्या बाह्यांत फिरतात, पण खोल सरोवराचं पाणी अजून हिवाळ्यातच असतं. पाणी शरीराची ऊब हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगानं खेचून नेतं.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेक्ट यांनी थंड पाण्यात शरीराचं काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी कॅनडातल्या प्रत्येक नाववाल्याला पाठ व्हावा असा हिशेब दिला आहे : एक, दहा, एक. पहिला एक मिनिट श्वासाचा. थंडीच्या धक्क्यानं माणूस धाप लागल्यासारखा श्वास घेतो, तोंडात पाणी जातं, बोलता येत नाही. या मिनिटात फक्त डोकं वर ठेवायचं आणि श्वास ताब्यात आणायचा. पुढची दहा मिनिटं हातापायांची. तेवढ्यात बोटं कामं करतात, दोर धरता येतो, कनूवर चढता येतं. त्यानंतर स्नायू ऐकेनासे होतात. आणि मग सुमारे एक तास शुद्धीचा. तेवढ्यात कुणी बाहेर काढलं नाही तर शुद्ध हरपते. हे मोठ्या माणसाचं गणित झालं. लहान, किडकिडीत मुलाच्या वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा जास्त असतो, त्यामुळे तो लवकर गार पडतो.

जॅकेट या तिन्ही टप्प्यांत माणसाला तरंगत ठेवतं. ऊब ते देऊ शकत नाही, काठ जवळ आणू शकत नाही. टिमिस्कमिंगच्या मुलांपुढे पाणी गार होतं, काठाला कडे होते आणि त्या दहा मिनिटांत काय करायचं याचा सराव त्यांना कुणी दिला नव्हता. उलटलेली कनू दुसऱ्या कनूवर आडवी ओढून घ्यायची, तिच्यातलं पाणी ओतून द्यायचं, ती सरळ करून पुन्हा पाण्यात सोडायची आणि माणसांना एकेक करून आत घ्यायचं, ही एक ठरलेली पद्धत आहे. आज कुठल्याही चांगल्या शिबिरात पहिल्या दोन दिवसांत ती शिकवतात. मोठ्या लाटेत ती जमेलच असं नाही. पण ती ज्याच्या अंगवळणी असते, त्याला निदान हे ठाऊक असतं की कुठल्या पाण्यात ती जमणार नाही, आणि तो अशा पाण्यात जात नाही.

घाव कुणी घातला

क्वेबेकमध्ये मृत्यूंची चौकशी झाली. तिचा निष्कर्ष कडक होता : एवढ्या लहान मुलांसाठी ही मोहीम म्हणजे अवाजवी, निरर्थक आव्हान होतं. फौजदारी खटला मात्र कुणावर झाला नाही. बऱ्याच पालकांनी, त्यात मुलं गमावलेलेही होते, शाळेला दोष दिला नाही. शाळा पुढे १९८९ पर्यंत चालली.

पालकांच्या या वागण्याबद्दल मी पुष्कळ विचार केला. बाहेरून बघणाऱ्याला ते अजब वाटतं. मला ते कळतं, आणि कळतं म्हणून त्रासही होतो. ज्या श्रद्धेनं आपण पोराला पाठवलं तीच चुकीची होती असं म्हणायचं, तर त्याचं जाणं फुकट गेलं असं होतं. आई-बाप ते कसं म्हणतील?

पण बाकीच्यांना म्हणता यायला हवं. वर जी म्हण लिहिली तिच्यात एक पाथरवट आहे, त्याला आपण नेहमी विसरतो. टाकीचे घाव कुणीही घातले म्हणून मूर्ती होत नसते. पाथरवट आधी दगड वाजवून बघतो, त्याची शीर कुठं जाते ते बघतो, कुठं मोठी छिन्नी आणि कुठं बारीक ते ठरवतो. आणि दगड फुटला तर तो दगडाला दोष देत नाही.

या प्रकरणात घाव घालण्यावरची श्रद्धा फार होती आणि दगड वाजवून बघणं फार कमी. झोप न झालेली मुलं, नवखे हात, पहिल्याच दिवशी उघडं मोठं पाणी, भरलेल्या कनू, सुटकेचा सराव नाही. यातली एखादी गोष्ट असती तर दिवस बहुधा निभावून गेला असता. कष्टालाच गुण मानलं की या सगळ्या गोष्टी तयारीतल्या उणिवा दिसायच्या ऐवजी शिक्षणाचाच भाग वाटायला लागतात. झोप नाही? सोस. पाणी गार आहे? घट्ट हो. वारा वाढलाय? वल्हव. अशा वातावरणात 'थांबूया' हा शब्द हार मानल्यासारखा ऐकू येतो, आणि बारा वर्षांचा मुलगा तो उच्चारत नाही. त्या दिवशी कनूंमध्ये कोण काय बोललं याबद्दल मी काही म्हणत नाही. अशी घडण मुलाच्या तोंडून कुठला शब्द काढून घेते, एवढंच म्हणते आहे.

हा शब्द मोठ्यांच्या तोंडूनही कसा ऐकला जात नाही, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेची ८ मुलं, त्यांचे शिक्षक आणि एका साहसी केंद्राचे दोन प्रशिक्षक लाइम बे उपसागरात कयाक घेऊन निघाले. वाऱ्यानं त्यांना समुद्रात ओढून नेलं आणि थंड पाण्यात ४ मुलं गेली. ते केंद्र आधीच सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी तिथल्या सुरक्षेबद्दल व्यवस्थापनाला लेखी इशारा दिला होता. तो कागद खटल्यात कळीचा ठरला. केंद्र चालवणारी कंपनी मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली, संचालक तुरुंगात गेला आणि १९९५ मध्ये साहसी केंद्रांच्या परवान्याचा कायदा आला. 'थांबा' असं लिहून ठेवलेलं होतं. वाचणाऱ्यानं थांबायचं ठरवलं नाही.

आणि अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, माझी मुलगी जाणार होती त्याच अल्गॉनक्विन पार्कमध्ये टोरोंटोच्या एका शाळेच्या सहलीत १५ वर्षांचा मुलगा बुडाला. तेव्हा बाहेर आलं की सहलीला गेलेल्या ३२ मुलांपैकी १५ जण पोहण्याची चाचणी उत्तीर्ण झालेले नव्हते. चाचणी होती, निकाल होता. त्या निकालानुसार त्या पंधरा जणांना घरी ठेवलं गेलं नाही. बातमी वाचून अनेक पालकांनी म्हटलं की अशा सहलीच बंद करा. मला ते पटत नाही. का, ते सांगते.

शिडी

टिमिस्कमिंगच्या पश्चिमेला, फार दूर नाही, टेमॅगामी नावाचं सरोवर आहे. त्यातल्या एका बेटावर किवेडिन ही कनू मोहिमांची शिबिरसंस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तळ ठोकून आहे. संस्था मुळात १८९३ सालची. तिथली मुलंसुद्धा कनूनं उत्तरेच्या खाऱ्या पाण्यापर्यंत जातात. पण ती मोहीम सगळ्यात थोरल्या गटाची असते. दहा-अकरा वर्षांचा मुलगा तिथं आला की त्याला लहान तळी, लहान फेऱ्या मिळतात. पुढच्या उन्हाळ्यात जरा लांब, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात प्रवाहाच्या नद्या. चार-पाच उन्हाळे गेल्यावर तो त्या मोठ्या वाटेला लागतो, आणि तोवर त्याला पाणी वाचता येतं.

म्हणजे पाणी तेच, झाडी तीच, गाठायचं ठिकाणही साधारण तेच. फरक पायऱ्यांचा. टिमिस्कमिंगच्या मुलांना शिडीच्या शेवटच्या पायरीवर पहिल्या दिवशी उभं केलं होतं.

हे ध्यानात आल्यावर मी लेकीच्या वर्गशिक्षिकांना भेटायला गेले. चार प्रश्न कागदावर लिहून नेले होते, नाहीतर मी समोर बसल्यावर विसरते. मुलं पाण्यात पडून बघणार आहेत का? पोहण्याच्या चाचणीत जी उतरणार नाहीत त्यांचं काय? वारा सुटला तर न निघण्याइतके दिवस हाताशी आहेत का? आणि न निघण्याचा निर्णय कोण घेणार?

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सरळ उत्तरं दिली. चाचणी इथल्या लाइफसेव्हिंग सोसायटीनं आखलेलीच : खोल पाण्यात लोळून पडायचं, एक मिनिट जागच्या जागी तरंगायचं, ५० मीटर पोहायचं. जमलं नाही तर पोहायचे वर्ग लावायचे, पुन्हा चाचणी द्यायची. तरी जमलं नाही तर त्या मुलासाठी काठावरचं वेगळं शिबिर, आणि ते कुणालाही शिक्षा वाटणार नाही असं आखलेलं. चार दिवसांच्या वाटेत वल्हवायचे दिवस तीनच धरले होते. एक दिवस मोकळा, वाऱ्यासाठी. चौथ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "कुणीही. सगळ्यात लहान मुलीनं म्हटलं तरी आम्ही थांबतो, मग बोलतो."

मी त्याच दिवशी सही केली. मेअखेरच्या सरावाला टॉवेल घेऊन उभं राहायला पालक हवे होते, त्यात नाव दिलं.

त्या सकाळी तळ्याच्या काठावर मी जे पाहिलं ते या सगळ्या वाचनापेक्षा मला जास्त शिकवून गेलं. छाती इतक्या पाण्यात, काठापासून दहा पावलांवर, दोन-दोन मुलं कनूत बसायची आणि मुद्दाम ती उलटवायची. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण खिदळत बसल्या होत्या. कनू कलंडली, हिरवा तळ वर आला, दोघी वर आल्या, आणि हसू गेलं. तोंड उघडं, डोळे मोठे, छाती भात्यासारखी. आवाज नाही. बाई काठावरून मोठ्यानं आकडे मोजत होत्या. वीसपर्यंत मुलगी नुसत्या धापा टाकत होती. पंचेचाळीसला तिनं मैत्रिणीचा खांदा धरला. साठला तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कनू धर." मग दोघींनी ती ढकलत काठाला आणली.

बाहेर आल्यावर मी टॉवेल गुंडाळला आणि कोरडं जाकीट दिलं. तिला चेन लावता येईना. बोटं हलत होती, पण चेनचं टोक खाचेत जात नव्हतं. एकदा, दोनदा, तीनदा. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. तेरा वर्षांच्या मुलीची चेन मी लावून दिली, आणि ती म्हणाली, "आई, आता मला कळलं दहा मिनिटं म्हणजे काय."

कणखर होणं म्हणजे काय, याचा मला जो अर्थ लागला तो त्या चेनपाशी लागला. ती त्या दिवशी घाबरली होती. घाबरल्याचं तिला शिक्षकांपुढे, मैत्रिणींपुढे, माझ्यापुढे लपवावं लागलं नाही. आणि पुढच्या फेरीत ती पुन्हा पाण्यात उतरली. फटक्याच्या धाकानं उतरली असती तर तिला पाण्याबद्दल काहीच कळलं नसतं. फक्त फटक्याबद्दल कळलं असतं.

जूनमध्ये ते 'कनू लेक' नावाच्या तळ्यावरून निघाले. पहिलं पोर्टेज, म्हणजे कनू उचलून न्यायची वाट, 'जो लेक' या तळ्यापर्यंतचं, २९५ मीटर. डोक्यावर कनू घेऊन एवढं चालणं सोपं नसतं, पण पहिल्या दिवशी आठवीच्या मुलांना झेपेल असं ते अंतर आहे. चार दिवस फोन नाही. मी पार्कच्या हवामानाचं पान इतक्या वेळा उघडलं की नवऱ्यानं लॅपटॉप उचलून ठेवला.

ती परत आली तेव्हा अंगाला धुराचा वास, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, गुडघ्यावर डास चावल्याच्या गांधी. भात करपला होता आणि तो सगळ्यांनी खाल्ला. खाण्याच्या पिशव्या अस्वलांच्या हाती लागू नयेत म्हणून झाडाला टांगताना दोर दोनदा तुटला. रात्री लून पक्षी ओरडला तेव्हा तंबूतल्या तिघी एका स्लीपिंग बॅगेत शिरल्या. वर्गात जिच्याशी ती दोन वर्षं बोलत नव्हती, तिच्याबरोबर कनूत बसायची पाळी आली. पहिल्या दिवशी दोघी गोल गोल फिरल्या, कारण दोघींनाही मागे बसायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लावल्या. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं.

संध्याकाळी नाशिकला माझ्या आईला फोन लावला. आजीचा जीव चार दिवस टांगणीला लागला होता.

"अगं, काय काय केलंत तिथं?"

"आजी, तिसऱ्या दिवशी तर आम्ही काहीच केलं नाही. नुसते बसून होतो. सकाळी मीच म्हटलं की मला हे पाणी नको वाटतंय."

"अख्खा दिवस? बसून काय केलंत?"

"पाणी बघत होतो."

आजीनं लगेच विचारलं, "कुठवर आलं होतं?"

मुलगी हसली नाही. तिनं फोन या कानाचा त्या कानाला लावला आणि नीट समजावून सांगायला लागली. "पुढे एक दगड होता बघ, पाण्यात. त्याच्यावर लाट फुटून पांढरं होत होतं. ते पांढरं दिसतंय तोवर कुणी कनूला हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. आम्ही पाळीपाळीनं बघत होतो. संध्याकाळी माझ्याच पाळीला ते थांबलं."